सल्ला फुकट, पण विचारायला जावे लागते



मागच्या पंधरवड्यात खामगावच्या बाजारात एक जोडपे भेटले. घरची तूर तशीच विकण्यापेक्षा डाळ करून विकावी, असा त्यांचा विचार. विचार सोळा आणे खरा. पण बाई म्हणाल्या, "सायेब, एजंटाले पाच हजार देले. कागद झाले, कर्ज काई झालं नाई." मी कागद पाहिले. त्यातली 'उद्यम' नोंदणी सरकार 2020 सालापासून फुकट करून देते. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल असला की शिकलेला मुलगा ती घरीच भरतो.

तेव्हा एजंटाकडे जाण्याआधी तीन दारे ठोठवा.

पहिले दार यंत्राच्या माहितीचे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली आहे. ती चालताना पाहा. तुकडा किती पडतो, वीज किती लागते, ते विचारा. बुलढाणा व जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रांतही सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

दुसरे दार शिक्षणाचे. बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे 'आरसेटी'त, शिकणे, राहणे, जेवण सारे मोफत असते.

तिसरे दार बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्राचे. देशात ही केंद्रे 1978 साली सुरू झाली. 2019 साली आलेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती तिथे मिळते. खेड्यात सर्वसाधारण अर्जदाराला 25 टक्के, महिला व मागासवर्गीयांना 35 टक्के अनुदान ठरलेले आहे. मात्र ते रोख हातात पडत नाही, आणि पदरचे 5 ते 10 टक्के घालावेच लागतात.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बचत गटाला मी अनुदान समजावून सांगितले, पण तूर किती दिवस पुरेल हे विचारले नाही. गिरणी दोन महिने चालली, दहा महिने उभी राहिली. हप्ता मात्र बाराही महिने आला. त्या बायांनी मजुरी करून तो फेडला.

म्हणून अर्जाआधी वहीचे एक पान भरा. घरची तूर-हरभरा किती? गावातली दुसऱ्यांची भरडायला किती येईल, मजुरी काय मिळेल? क्विंटल तुरीमागे साधारण 70 ते 75 किलो डाळ धरा. चुणी जनावरांना होईल. डाळ घेणार कोण? आणि ज्या महिन्यात गिरणी बंद, त्या महिन्याचा हप्ता कशातून?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर सापडले नाही, तर यंत्र घेऊ नका. आधी दुसऱ्याच्या गिरणीवर डाळ करून विकून पाहा. त्या जोडप्याने तसेच ठरवले आहे.

पान भरून कार्यालयात या. आपण बसून हिशेब तपासू. त्याची फी नाही.