कन्येच्या हाती वज्र

अमेरिकेतील अटलांटा शहरात, आईच्या देखरेखीखालील प्राचीन भारतीय कलेच्या वस्तुसंग्रहालयात राहणारी बारा वर्षांची आरू शाह. वर्गसोबत्यांवर छाप पाडण्यासाठी ती थापा मारते, त्या पचवण्यासाठी संग्रहालयातील शापित दिवा पेटवते आणि त्यात कोंडलेली विनाशक शक्ती मोकळी होते. आईसह भोवतालची माणसे काळाच्या ओघात गोठून जातात. मग आरूला उमगते की, आपल्या ठायी अर्जुनाचा आत्मा आहे आणि हे अरिष्ट आपल्यालाच निवारायचे आहे. रोशनी चोक्सी यांची ‘आरू शाह अँड द एन्ड ऑफ टाइम’ ही कादंबरी 2018 साली आली. ‘पर्सी जॅक्सन’चे लेखक रिक रायर्डन यांच्या नावाने सुरू झालेल्या मालेतील ते पहिलेच पुस्तक. पुढे आरूच्या कथेचे पाच भाग झाले आणि 2022 साली ती पूर्ण झाली.

या पुस्तकाविषयी वाचकांच्या प्रतिक्रियांत तीन सूर प्रामुख्याने आढळतात. पहिला आनंदाचा. परदेशात वाढलेल्या हिंदू मुलामुलींना साहसकथेच्या नायिकेत प्रथमच आपले नाव, आपल्या घरातील पदार्थ आणि आजीच्या गोष्टी भेटल्या. दुसरा सूर तुलनेचा : ही तर ‘पर्सी जॅक्सन’चीच भारतीय आवृत्ती! तिसरा सूर नाराजीचा. पांडव मुलींच्या रूपात का? इंद्राचे वज्र पिंगपाँगच्या चेंडूच्या रूपात का? देवलोकीचा बाजार कॉस्टकोसारख्या अमेरिकी दुकानाच्या आडोशाला का? ही नाराजी अनेक श्रद्धावान पालकांची आहे. तिची टिंगल न करता तिचा विचार व्हायला हवा.

पांडव मुली का, हा आक्षेप आपल्याच शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. आत्म्याला लिंग नाही, देह हे वस्त्र आहे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. महाभारतातील अंबा शिखंडीच्या रूपाने पुन्हा येते आणि भीष्मांच्या पतनाला कारण ठरते, ही कथा व्यासांनीच सांगितली आहे. मग अर्जुनाचा आत्मा एका मुलीच्या देहात आला, तर धर्म बुडण्याचे कारण नाही.

विनोदाचा आक्षेप मात्र थोडा गंभीर आहे. देवांशी थट्टा आपल्याला परकी नाही. कोकणातल्या दशावतारात संकासुर प्रेक्षकांना पोट धरून हसवतो, नाथांच्या भारुडात हसता हसता परमार्थ उलगडतो. पण दशावताराचा आरंभ गणपतीच्या पूजनाने होतो आणि हसणारा प्रेक्षक मंदिराच्या प्रांगणातच बसलेला असतो. तेथे थट्टा जवळिकीतून येते. ग्रीक देवतांच्या कथा आज पश्चिमेत प्रामुख्याने साहित्य म्हणून उरल्या आहेत. आपल्या देवांपुढे मात्र आज सायंकाळीही घरोघरी दिवा लागणार आहे. ग्रीक कथांसाठी घडवलेला साचा जसाच्या तसा या जिवंत परंपरेला लावला, तर काही ठिकाणी तो काचणारच. श्रद्धावान वाचकाची अस्वस्थता नेमकी येथे आहे आणि ती रास्त आहे. तथापि, तेवढ्यावरून लेखिकेच्या हेतूवर शंका घेणे अन्यायाचे होईल.

ज्या मुद्द्यावर या तिन्ही सुरांचे एकमत व्हावे, तो आहे नायिकेच्या सामर्थ्याचा. आरू निर्दोष नाही. ती खोटे बोलते, घाबरते, चुकते. पण चूक आपली आहे हे कळल्यावर ती निस्तरण्याची जबाबदारी टाळत नाही. तिची सोबतीण मिनी रोगजंतूंच्या भयाने पछाडलेली, तरीही धर्मराजाची कन्या म्हणून तीच प्रसंगी विवेकाने वाट काढते. वज्र हाती आले म्हणून कोणी समर्थ होत नाही, कर्तव्य ओळखले म्हणजे होते. हा संस्कार परका कसा म्हणावा?

किंबहुना, तो आपलाच आहे आणि आपण तो विसरलो आहोत. वनपर्वातील सावित्री स्वतः रथ घेऊन वर शोधायला निघते, वर्षभरात त्याचा मृत्यू अटळ आहे हे ठाऊक असूनही निर्णय बदलत नाही आणि यमाला शस्त्राने नव्हे, शब्दाने जिंकते. आपण तिला वडाच्या फेऱ्यांपुरती ठेवली. भर सभेत धर्माचा प्रश्न विचारून भीष्मांनाही निरुत्तर करणारी द्रौपदी आपण बहुधा वस्त्रहरणापुरती सांगतो. राष्ट्र सेविका समितीने जिजाबाई, अहिल्याबाई आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या रूपाने मातृत्व, कर्तृत्व आणि नेतृत्व यांचा आदर्श स्त्रियांपुढे ठेवला. समितीची स्थापना 1936 सालची. 2025 साली अहिल्यादेवींची त्रिशताब्दी देशभर साजरी झाली. पण उत्सव संपल्यावर बारा वर्षांच्या मुलीने रात्री दिवा मालवायला नकार द्यावा, अशी अहिल्याबाईंवरची किती पुस्तके आपण तिच्या हाती दिली?

मराठीला कुमारसाहित्याची परंपरा नाही, असे नव्हे. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनी पिढ्या घडवल्या. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली. पण साहसाच्या वाटेवर आपल्याकडे बहुतेक वेळा मुलगाच चालला. गोष्टीसाठी आसुसलेली मुलगी मग जेथे गोष्ट मिळेल तेथे जाते. तिच्या हाती परदेशी प्रकाशकाचे पुस्तक दिसले, तर दोष तिचा नाही आणि त्या प्रकाशकाचाही नाही.

आरूच्या पुस्तकाअखेरीस संस्कृतोद्भव शब्दांचे अर्थ सांगणारी सूची आहे. अटलांटातील वाचकासाठी ती आवश्यकच आहे. उद्या पुण्या-नागपुरातील मुलीलाही तिची गरज भासली, तर तो आपला पराभव असेल. म्हणून नाराज पालकांना आमचे सांगणे आहे : पुस्तक मुलीच्या हातून काढून घेऊ नका. ते तिच्यासोबत वाचा, तिचे मत विचारा आणि ‘मूळ कथा काय आहे?’ असे तिने विचारले की महाभारत उघडा. आणि लेखक-प्रकाशकांना सांगणे असे की, निषेधाचे पत्रक एका दिवसात विस्मरणात जाते, चांगली कथा पिढीभर टिकते. आपल्या सावित्रीची, आपल्या अहिल्येची साहसकथा आपणच लिहायची आहे. त्या लेखणीची वाट आपल्या घरातील आरू पाहत आहे.