चांदनीचे जंगल आणि उत्सर्जनाचा हिशेब

वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस भुसावळ सोडल्यावर बऱ्हाणपूर मागे टाकते आणि सातपुड्याच्या रांगांत शिरते. या टापूत चांदनी नावाचे लहानसे स्थानक आहे आणि त्याच्या शेजारीच नेपानगर. गोव्यातून उत्तरेकडे गेलेल्या अनेकांनी धावत्या गाडीतून ही पाटी ओझरती पाहिली असेल. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याबाबत केंद्र सरकारने जगाला दिलेल्या वचनांचे पुढे काय झाले, हे तपासायचे असेल तर या परिसराकडे पाहणे उद्‌बोधक ठरते.

पॅरिस करारानुसार 2015 मध्ये दिलेली आणि ऑगस्ट 2022 मध्ये वाढवलेली मुख्य संख्यात्मक वचने तीन आहेत. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत 45 टक्क्यांनी कमी करणे, हे पहिले. वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता कोळसा, वायू आणि तेल यांच्याबाहेरची असणे, हे दुसरे. वने आणि वृक्षांच्या माध्यमातून 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त शोषून घेणे, हे तिसरे.

पहिल्या दोहोंवरील प्रगती कागदावर चांगली दिसते आणि ती खोटी नाही. डिसेंबर 2024 अखेर संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालानुसार 2005 ते 2020 या काळात उत्सर्जनाची तीव्रता 36 टक्क्यांनी घटली. निम्म्या क्षमतेचा टप्पा तर मुदतीच्या पाच वर्षे आधीच, जून 2025 मध्ये, गाठला गेला. मात्र तीव्रता घटली म्हणजे उत्सर्जन घटले असे नव्हे. उत्पन्न त्याहून वेगाने वाढले एवढाच त्याचा अर्थ. 2020 मध्ये एकूण उत्सर्जन सुमारे आठ टक्क्यांनी खाली आले, ते टाळेबंदीच्या वर्षात. क्षमतेचेही तसेच. उभारलेली क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज वेगळी. 2024-25 मध्ये देशातील विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा कोळशाचाच होता. सूर्य मावळल्यावर सौर पटलांची क्षमता नोंदवहीत राहते, तारेत नाही.

खरा गुंता तिसऱ्या वचनात आहे. डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालानुसार 2005 च्या तुलनेत 229 कोटी टनांचे अतिरिक्त शोषण साधले गेले आहे, म्हणजे उद्दिष्ट हाताच्या अंतरावर आले. ही मोजणी ज्या व्याख्येवर उभी आहे ती पाहावी. किमान एक हेक्टर जमिनीवर झाडांचा पर्णविस्तार दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ते वनाच्छादन. मग जमीन कोणाचीही असो, झाडे कोणतीही असोत. या व्याख्येत सातपुड्यातील साळईचे रान, निलगिरीची लागवड आणि गोव्यातील काजूची बागायत एकाच रांगेत बसतात. गोव्याचे वनाच्छादन राज्याच्या क्षेत्रफळाच्या साठ टक्क्यांहून अधिक दाखवले जाते, वन खात्याच्या नोंदीतील जंगल मात्र त्याहून बरेच कमी आहे. हा फरक असाच पडतो.

आता चांदनी-नेपानगरकडे. येथील जंगलाला सरकारी उपयुक्ततेचा जुना अनुभव आहे. देशातील पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना येथे उभा राहिला. 1955 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. साळईचे लाकूड आणि बांबू हा त्याचा कच्चा माल. चांदनीतले औष्णिक वीजघर त्याच काळातले. आपल्या आधीच्या पिढीने वाचलेल्या वर्तमानपत्रांच्या कागदात या डोंगरांचा वाटा होता. पुढे कारखाना रद्दी कागदाकडे वळला, 2016 मध्ये बंद पडला आणि नूतनीकरणानंतर ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला.

त्याच वर्षी, पावसाळा सरताच, नेपानगर परिक्षेत्रातील घाघरला व आसपासच्या वनांत अतिक्रमणासाठी मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये बाकडीच्या वनचौकीतून बंदुका लुटल्या गेल्या. एप्रिल 2023 मध्ये जमावाने नेपानगर पोलीस ठाण्यावर हल्ला करून कोठडीतील आरोपींना सोडवून नेले. हजारो एकर जंगल आडवे झाले.

या घटनेकडे केवळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. तो हवामानाचाही प्रश्न आहे, हे फारसे कोणी बोलले नाही. वन सर्वेक्षणाच्या हिशेबानुसार देशातील वनांच्या कार्बन साठ्यापैकी निम्म्याहून अधिक साठा मातीत असतो. जंगल तोडून जमीन नांगरली की झाडांबरोबर तोही हळूहळू उघडा पडतो. दुसरीकडे तेवढीच रोपे लावली तरी तो साठा परत जमण्यास अनेक दशके लागतात. शिवाय मोजणी मागे चालते. डिसेंबर 2024 च्या अहवालातील उपग्रह प्रतिमा 2021-22 च्या हंगामातल्या, म्हणजे या तोडीच्या आधीच्या. तरीही त्या अहवालात मध्य प्रदेशचे वन व वृक्षाच्छादन दोन वर्षांत 612 चौरस किलोमीटरने घटल्याची नोंद आहे. देशातील ही सर्वांत मोठी घट. छत्तीसगड, उत्तर प्रदेश, ओडिशा यांची वाढ तिच्यापुढे मांडली गेली आणि राष्ट्रीय बेरीज 1,445 चौरस किलोमीटरने वाढलेली दिसली. त्यातली 1,289 चौरस किलोमीटर वाढ वृक्षाच्छादनाची, म्हणजे जंगलाबाहेरच्या विखुरलेल्या झाडांची. वनांची वाढ अवघी 156.

आणखी एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. कार्बनच्या हिशेबाचे आधारवर्ष 2005. वनहक्क कायद्यानुसार आदिवासींचा वनजमिनीवरील ताबा मान्य करण्याची मर्यादाही 13 डिसेंबर 2005. पहिल्या हिशेबाचा पाठपुरावा नियमाने होतो. दुसऱ्यातले दावे बऱ्हाणपुरात वर्षानुवर्षे अडकून पडले आहेत. कोणाचा ताबा जुना आणि कोण काल कुऱ्हाड घेऊन आला, हे ठरवणारा कागदच जेथे तयार होत नाही, तेथे खरे वनवासी आणि अतिक्रमक एकाच काठीने हाकले जातात. या तोडीविरुद्ध आंदोलन करणारे स्थानिक आदिवासीच होते. तक्रारी करूनही प्रशासन हलले नाही, असा जागृत आदिवासी दलित संघटनेचा आरोप होता. याच संघटनेच्या एका कार्यकर्त्याला जिल्हा प्रशासनाने जानेवारी 2024 मध्ये हद्दपार केले. वर्षभराने उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला आणि सरकारला 50 हजार रुपयांचा भुर्दंड बसवला.

गोमंतकीय वाचकाला हे दूरचे वाटू नये. आपली बरीचशी वीज विंध्याचल, कोरबा येथील कोळशाच्या केंद्रांतून येते. धूर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या खात्यावर पडतो आणि गोवा स्वच्छ दिसतो. 2050 पर्यंत सर्व वीज नवीकरणीय करण्याचा राज्याचा संकल्प मोजताना ही बाहेरून येणारी वीज कोणत्या रकान्यात धरली जाते, हे विचारले पाहिजे. तमनारहून येणाऱ्या वीजवाहिनीसाठी मोलेच्या जंगलाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा वीज आणि वन यांची ही गाठ आपण आपल्याच दारात पाहिली आहे.

नेपानगरच्या तोडीनंतरच्या प्रतिमा वन सर्वेक्षणाच्या पुढच्या अहवालात येतील. त्यात देशाची बेरीज बहुधा पुन्हा वाढलेली असेल. पाहायचे ते बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या ओळीकडे, आणि त्यातही घनदाट व मध्यम घनतेच्या वनांच्या रकान्यांकडे. विरळ वनाचा आकडा वाढून तो तोटा भरून निघाला असे दाखवणे सोपे असते.