अश्रू हा पुरावा नव्हे

संशयास्पद मृत्यूच्या खटल्यांविषयी एक मत वारंवार मांडले जाते. कागद आणि प्रयोगशाळेचे अहवाल दुय्यम असून सत्य माणसाच्या चेहऱ्यावर उमटते. ज्याचे माणूस गेले तो रडला नाही तर तो दोषी, प्रत्यक्षदर्शी गप्प उभा राहिला तर तो खोटा, आणि मृताचे नातेवाईक सांगतील ते प्रमाण, असा या मताचा सारांश आहे. मनुष्यस्वभाव जाणल्याचा त्याचा दावा पोकळ आहे. पुरावा वाचण्याचे कष्ट टाळणारा हा निव्वळ बौद्धिक आळस आहे.

शोक एकाच रीतीने प्रकटतो, हे या मताचे गृहीत ऑस्ट्रेलियातील एका प्रकरणाने कायमचे खोटे ठरवले आहे. 17 ऑगस्ट 1980 च्या रात्री उलुरू येथील तळावरून ॲझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली आणि तिला डिंगोने, म्हणजे तेथील रानकुत्र्याने, नेले असे आई लिंडी हिने सांगितले. दूरचित्रवाणीवर ती शांतपणे, तपशीलवार बोलली, एवढ्यावरून असंख्य लोकांनी तिला पाषाणहृदयी ठरवले. 1982 मध्ये डार्विन येथील ज्यूरीने तिला खुनाबद्दल दोषी धरले आणि तिला जन्मठेप झाली. वास्तविक ती तंबूकडून परतल्यानंतर बाळाचे रडणे ऐकू आल्याची साक्ष तळावरील एका महिलेने दिली होती, आणि ती खरी असेल तर सरकारी पक्षाच्या मांडणीप्रमाणे ज्या वेळी बाळ मेलेले होते त्या वेळी ते जिवंत होते. मोटारीत अर्भकाचे रक्त सापडल्याचे तज्ज्ञांनी सांगितले होते; पुढे त्या डागांपैकी काही गाडीत फवारलेल्या ध्वनिरोधक द्रव्याचे असल्याचे आढळले. 1986 मध्ये बाळाचे जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागी सापडले, तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात असलेली आई सुटली आणि 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली. ती ढसाढसा रडली असती तर हेच लोक तिला नाटकी म्हणाले असते. परस्परविरुद्ध वर्तनांतून एकच निष्कर्ष काढणारी कसोटी ही कसोटीच नव्हे.

तज्ज्ञ श्रेष्ठ की प्रत्यक्षदर्शी, हा जुना वादही पुरावा न पारखण्याच्या याच चुकीतून वाढला आहे, कारण दोघांचेही म्हणणे तपासूनच स्वीकारायचे असते, हे दोन्ही बाजू विसरतात.

त्या मतातील उरलेले दोन दावे थोडक्यात निकालात निघतात. खून पाहणारा प्रत्येक जण आपापल्या परीने वागतो, त्याला ठरीव नियम नाही, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच म्हटले आहे. आणि नातेवाइकांचे दुःख खरे असले तरी त्या दुःखाच्या भरात नकळत अतिशयोक्ती होते, म्हणून त्यांची साक्ष अधिक काळजीने पारखावी लागते.

वर्तनाला मुळीच किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 8 वर्तन संबद्ध मानत असे आणि त्याच्या जागी आलेल्या 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 6 आजही तसेच मानते. परंतु संबद्ध म्हणजे विचारात घेण्याजोगे, सिद्ध झालेले नव्हे. पुण्यात 1982 मध्ये सायनाइडने झालेल्या एका विवाहितेच्या मृत्यूत खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला फाशी योग्य मानली होती. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या पत्रांतील खिन्नता पाहता आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून त्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्षदर्शीवाचून जुळवलेल्या दुव्यांची, साखळी पूर्ण असावी आणि तिने आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी प्रत्येक शक्यता वगळावी, हा त्या निकालाचा गाभा आहे. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे तपासावा आणि चेहऱ्याला शेवटचे स्थान द्यावे, एवढेच येथे प्रतिपादन आहे.

ॲझारियाचा मृत्यू डिंगोमुळेच झाला, असा निर्णय मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे कॉरोनरने, 12 जून 2012 रोजी दिला. तोवर जवळजवळ 32 वर्षे उलटली होती.