काजू आणि कॅशू : सख्ख्या बहिणी



मार्च-एप्रिलमध्ये आमच्या नांदगावात पहाटे काजूबी गोळा करून मगच शाळेत येणारी मुलं असतात. चिकामुळे त्यांच्या बोटांची सालं निघालेली दिसतात. अशाच एका मुलाने इंग्रजीच्या तासाला विचारलं, "बाई, काजूक इंग्रजीत कॅशू कित्याक म्हणतत?"

मी ऐटीत सांगून टाकलं, "अरे, इंग्रजांनी आपलाच शब्द उचलला!" वर्ग खूश. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर माझं उत्तर साफ चुकलेलं.

खरी गोष्ट अशी आहे. काजूचं झाड मूळचं ब्राझीलकडचं. तिथल्या तुपी भाषेत त्याचं नाव 'अकाजू'. १५०० साली पोर्तुगीज तिथे पोहोचले आणि त्यांच्या तोंडी त्याचं 'काझू' झालं. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्याच शतकात त्यांच्या गलबतांतून हे झाड आपल्या किनाऱ्यावर आलं, आणि झाडाबरोबर नावही आलं. आपण म्हणू लागलो 'काजू'. इंग्रजांनीही हा शब्द पोर्तुगिजांकडूनच घेतला. फक्त त्यांच्या जिभेवर 'झ'चा 'श' झाला. म्हणजे कॅशू ही काजूची लेक नव्हे, बहीण!

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "काल मी चुकले." मग फळ्यावर नकाशा काढला : ब्राझील, पोर्तुगाल, गोवा, इंग्लंड. भूगोल, इतिहास आणि इंग्रजी एकाच तासात झालं.

उलट दिशेने गेलेले शब्दही आहेत बरं का. जॅकफ्रूटमधला 'जॅक' म्हणजे मल्याळममधला 'चक्का', आपला फणस. काथ्याला इंग्रजीत 'कॉयर' म्हणतात, तोही मल्याळम 'कयर'वरूनच. दोन्ही वस्तू आपल्या परड्यातल्या.

माझं म्हणणं एवढंच, की शब्दाचा अर्थ पाठ करून घेताना त्याचं गाव-घरही सांगू या. आपल्या मुलांना इंग्रजी म्हणजे परक्याचं घर वाटतं, उंबऱ्यावरच पाय अडखळतो. आपल्या बागेतल्या झाडाची बहीण त्या घरात नांदते हे कळलं, की भीती थोडी कमी होते. आणि काजू बाहेरून आला म्हणून तो परका ठरतो का? ओल्या काजूगरांची उसळ खाताना कोणी तसं म्हणून दाखवावं!

पण एक पथ्य पाळू या. 'सगळं मूळ आपलंच' असं सांगणारे मेसेज मोबाईलवर रोज येतात. ऐकायला गोड असतात, म्हणून ते खरे ठरत नाहीत. मीही त्याच मोहात पडले होते. मुलांनी शब्दाचं मूळ विचारलं आणि आपल्याला ठाऊक नसलं, तर सरळ सांगावं, "थांब, शब्दकोशात बघूया." शक्य असेल तर त्यालाच बघायला लावावं.

तो मुलगा आता रोज एक शब्द घेऊन येतो. काल त्याने 'बटाटा' आणला. तुम्हीही घरी शोधून बघा!