फियाटवाल्यांचा भाईचारा आणि आपण व्यापारी

या पानावर सुताचे भाव, उधारीची मुदत, विजेचे दर असले विषय वाचण्याची वाचक बंधूंना सवय आहे. आज मी मोटारीबद्दल लिहिणार आहे, आणि तेही अशा मोटारीबद्दल जिचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. कापडाच्या व्यापाऱ्याला या पंचायती कशाला, असे कोणी विचारील. थोडा धीर धरून वाचावे, ही विनंती.

२०१७ च्या मे महिन्यातील गोष्ट. मुंबईला मूळजी जेठा मार्केटमधले काम उरकून मी मालेगावला परत निघालो होतो. गाडी माझी जुनी प्रीमियर पद्मिनी, जिला आपण सगळे आजही फियाटच म्हणतो. भर दुपारी कसारा घाटात निम्मा चढ चढल्यावर गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. टाकीत पेट्रोल भरपूर. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण सुरू होईना. बॉनेट उघडून मी उभा राहिलो. त्यापलीकडे मला काही येत नव्हते.

वीसेक मिनिटांनी एक गाडी थांबली. आत नाशिकचे दोन गृहस्थ होते. एक बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे शाळामास्तर. रस्त्यात फियाट बंद पडलेली दिसली म्हणून ते थांबले होते. ओळख ना पाळख. मास्तरांनी वाकून पाहिले आणि विचारले, "एखादे फडके आहे का हो?" माझ्या डिकीत कापडाचे नमुने खच्चून भरलेले! त्यांनी एक तुकडा बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळला. मग त्यांनी समजावून सांगितले. उन्हाळ्यात चढावर इंजिन तापते, त्याच्या धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंप गार झाला की सगळे पूर्ववत. दहा-बारा मिनिटांत गाडी सुरू झाली. आयुष्यभर कापड विकले, पण ओल्या फडक्याची एवढी अक्कल मला नव्हती.

पैशांचे नाव काढताच दोघे हसले. कागदावर फोन नंबर लिहून दिला, आणि संध्याकाळी स्वतःहून फोन करून विचारले की घरी पोहोचलात ना.

त्यांच्या आग्रहावरून पुढे एका रविवारी सकाळी मी नाशिकला त्यांच्या बैठकीला गेलो. एका मैदानाच्या कडेला पंधरा-सोळा जुन्या गाड्या उभ्या होत्या. बहुतेक फियाट, तीन-चार अँबॅसडर, एक-दोन पहिल्या जमान्यातल्या मारुती ८००. माणसे म्हणाल तर डॉक्टर, द्राक्षबागायतदार, एक रिक्षाचालक, कारखान्यातला टर्नर. त्या दिवसापासून मी त्यांच्यातलाच एक झालो.

फियाटची हकीकत थोडक्यात सांगतो. मूळ गाडी इटलीच्या फियाट कंपनीची, ११०० नावाची. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर किती घरांच्या चुली पेटल्या, हे मुंबईत नातेवाईक असलेल्या कोणत्याही वाचकाला सांगायला नको. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्स्या मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. राहिल्या त्या खासगी गाड्या. पंधरा वर्षांनंतर त्यांची पुन्हा नोंदणी करावी लागते, मग दर पाच वर्षांनी, आणि पर्यावरण कर भरावा लागतो तो वेगळा.

कंपनीचे शोरूम नाही, कंपनीचा मेकॅनिक नाही. अशी गाडी चालते कशी? या लोकांच्या एकमेकांना सांगण्यावर चालते, हे माझे उत्तर आहे. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे रबर किट कोणाकडे चांगले मिळते, पेट्रोल पंपाचा पडदा कोण अजून नीट बनवतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात उतरलेल्या गाडीचा कोणता भाग घ्यावा आणि कोणता फुकट मिळाला तरी घेऊ नये, हे सारे एका जाड रजिस्टरमध्ये लिहिलेले आहे. मास्तरांच्या घरी ते असते. नव्या माणसाने तोच प्रश्न पन्नासाव्यांदा विचारला तरी कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊ लागले तेव्हा यांच्यात मोठी चर्चा झाली. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने मऊ पडून फुगतात. गाडी महिनोन्महिने उभी ठेवली तर टाकीत पाणी धरून गंज चढतो. ज्याच्या नळीतून आधी पेट्रोल गळले त्याने ती नळी बैठकीला आणून सगळ्यांना दाखवली. आपली फजिती झाकून ठेवावी असे त्याला वाटले नाही, याचेच मला नवल वाटले.

आता मिस्त्री चाचांविषयी. नाशिकमधल्याच एका मोहल्ल्यात त्यांचे छोटे गॅरेज आहे. सत्तरी उलटली आहे. अकराव्या वर्षी नागपाड्याच्या एका गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली लागले आणि फियाटवरच केस पांढरे झाले. मंडळी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली आणि म्हणाली की कार्बोरेटर कसा खोलायचा, कसा बसवायचा हे आम्हाला दाखवा, आम्ही लिहून घेतो. चाचांनी साफ नकार दिला. म्हणाले, "सब तुमको सिखा दिया तो मेरे दुकान पे कौन आएगा?" आपल्यापैकी कोणीही हेच म्हटले असते. मंडळींनी जबरदस्ती केली नाही. गाड्या मात्र त्यांच्याकडेच नेत राहिले, आणि मजुरीत घासाघीस केली नाही. दोन वर्षांनी चाचांनी आपणहून पेटीतून एक वही काढली.

ती वही उर्दूत होती. उस्तादाने सांगितलेली मापे, झडपांच्या फटी, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, असे सगळे पेन्सिलीने टिपलेले. चाचांची मुले इंग्रजी शाळेत शिकली, त्यांना ती लिपी वाचता येत नाही. मंडळीत उर्दू वाचणारा मी एकटा. माझी शाळा उर्दूची, मराठी मी बाजारात शिकलो. त्या शाळेचा गाडीच्या कामी उपयोग होईल असे कधी वाटले नव्हते. तीन रविवार मी मोठ्याने वाचत गेलो, जिथे अक्षर पुसले होते तिथे चाचा तोंडी सांगत गेले आणि मास्तर मराठीत उतरवत गेले. रजिस्टरमध्ये त्या पानांवर चाचांचे आणि त्यांच्या मरहूम उस्तादाचे नाव लिहिलेले आहे.

आणि चाचांचे दुकान? ते बंद पडले नाही. आज त्यांच्याकडे धुळे, जळगाव, अहिल्यानगरकडच्या गाड्या येतात. ज्याने कार्बोरेटर स्वतः एकदा खोलून पाहिला त्यालाच कळते की हे काम किती अवघड आहे, आणि तो पुढच्या वेळी मुकाट्याने चाचांकडे येतो. नातू आता त्यांच्या हाताखाली आहे. या मंडळींत सगळेच शहाणे आहेत असे नव्हे. रजिस्टरची दोन पाने वाचून चाचांना अक्कल शिकवणारे दोघे-तिघे आहेत, आणि चहा पिऊन तासभर इंजिनावर प्रवचन देणारा एक महाभाग तर प्रत्येक बैठकीत असतो. ते चालायचेच.

मला सर्वात जास्त भावली ती एक वेगळीच गोष्ट. एका दुकानदाराने आमच्यातल्या एकाला जुना मास्टर सिलिंडर घासूनपुसून, डबीत घालून नवा म्हणून विकला. उतारावर ब्रेकचा पायटा खाली बसला. नशिबाने रस्ता मोकळा होता. मंडळींनी आधी दुकानदाराला फोन केला आणि पैसे परत करण्यास आठ दिवस दिले. त्याने केले. मग रजिस्टरमध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या: माल खोटा निघाला, आणि तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले. त्यात शिवी नाही की शेरा नाही. पण त्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या गाडीतला सिलिंडर तपासून घेतला.

ते पान वाचताना मला २०१४ साल आठवले. त्याबद्दल मी आजवर घरातही पूर्ण बोललेलो नाही.

परराज्यातल्या एका पार्टीला मी ग्रे कापड देत होतो, साठ दिवसांच्या उधारीवर. पहिली तीन पेमेंट वेळेवर आली. चौथ्या वेळी त्यांनी मोठी ऑर्डर दिली, मी खूश झालो. मग तारखा सुरू झाल्या. एक चेक परत आला, मग दुसरा. रक्कम सव्वाचार लाखांची होती. मी कोणाला सांगितले नाही. बाजारात नाव खराब होईल, सूतवाले उधार देणे बंद करतील, अशी भीती. त्याच सुमारास माझ्या गल्लीतला एक भाई दुकानावर आला. बारा सांच्यांचा मालक, मेहनती माणूस. त्याने सरळ विचारले, "शेठ, ती पार्टी कशी आहे? मला माल मागतात." मी म्हणालो, "बरी आहे, थोडे उशिरा देतात एवढेच."

सहा महिन्यांत पार्टीने दुकान गुंडाळले. माझे सव्वाचार लाख गेले ते मी सोसले. त्याचे बारापैकी आठ सांचे विकले गेले. तो मला आजही सलाम करतो; मी दिलेले उत्तर खोटे होते हे त्याला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही.

कोणी म्हणेल, फियाटवाल्यांचा तो शौक आहे, आपली ही रोजी आहे. त्यांच्यात स्पर्धा नाही, म्हणून त्यांना उदार होणे परवडते. हे म्हणणे खरे आहे आणि मी ते उडवून लावणार नाही. माझे सूत मी कोणाकडून कोणत्या भावाने घेतो, हे मी शेजाऱ्याला सांगणार नाही आणि त्यानेही मला सांगू नये. पण धंद्यातली प्रत्येक गोष्ट अशी नसते. बुडव्या पार्टीचे नाव लपवून माझा एक पैशाचा फायदा झाला नाही. सांच्याचा धोटा वारंवार का उडतो याचे कारण एखाद्या म्हाताऱ्या जॉबरला ठाऊक असते. ते त्याच्याबरोबर कब्रस्तानात गेल्याने कोणाची कमाई वाढते? चाचांच्या वहीसारख्या वह्या मालेगावात, भिवंडीत, इचलकरंजीत किती पेट्यांत पडून असतील. बऱ्याच जणांनी तर वहीही केली नाही, सगळे डोक्यातच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पार्टीचे नाव घेणे ही गीबत नव्हे काय? मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की दुसऱ्याला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, जेवढे खरे आणि जेवढे जरुरीचे आहे तेवढेच सांगावे. त्यात मजा घेऊ नये, ऐकीव गोष्ट जोडू नये. हा विषय आलिमांचा आहे, मी त्यात अधिक बोलत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावे. एका ओळखीच्या वकिलांनीही जवळपास तेच सांगितले: बिल, चेक, तारीख लिहा, विशेषणे लिहू नका.

त्याप्रमाणे गेल्या रमजाननंतर मी माझ्या दुकानात एक वही ठेवली आहे. माल कधी दिला, बिल किती, मुदत किती, पैसे आले की नाही, एवढेच रकाने. पैसे आले तर तेही लिहायचे, आणि पार्टीला आधी कळवायचे, फियाटवाल्यांनी त्या दुकानदाराला कळवले होते तसे. वहीच्या दुसऱ्या टोकाकडून सांच्यांच्या दुरुस्तीच्या गोष्टी लिहायला जागा सोडली आहे. तिथे आजवर दोन नोंदी झाल्या आहेत, दोन्ही एकाच जॉबरच्या, त्याच्या नावानिशी. रकान्यांच्या बाजूला सात. सातपैकी तीन लोकांनी नोंद केली, पण आपले नाव लिहू नका असे सांगितले. ते मी मान्य केले.

जुम्माच्या नमाजनंतर असरपर्यंत वही गल्ल्याशेजारी उघडी असते, कोणीही येऊन पाहावी. पहिली नोंद २०१४ सालची, सव्वाचार लाखांची आहे आणि तिच्यावर माझे नाव आहे. गल्लीतल्या त्या भाईला मी अजून वही दाखवलेली नाही. हा लेख छापून आला की त्याच्याकडे घेऊन जाणार आहे.