टँक आज, मासे महिन्याने!

शनिवारी टँक घ्यायचा, रविवारी मासे सोडायचे आणि पुढच्या रविवारी मेलेले मासे गुपचूप कुंडीत पुरायचे. ओळखीचा वीकेंड प्रोग्रॅम ना?

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण तयार नसतं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात (तेही घातकच!) आणि मग त्याचं नायट्रेट, जे कमी प्रमाणात माशांना चालतं. ही फौज उभी राहायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टँक रिकामा चालवायचा. फिल्टर सुरू, हीटर २५-२६ अंशांवर, रोज चिमूटभर फिश फूड. घरचे विचारणारच, 'रिकाम्या पेटीला वीज कशाला?' विचारू देत.

टेस्ट किटमध्ये अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की मासे आणा. तेही आधी चार-पाचच.

आता खास नगरी मामला. (कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच.) नळाला मुळा धरणाचं पाणी, त्यात क्लोरिन. ते माशांना त्रास देतं, बॅक्टेरियांनाही मारतं. म्हणून आधी डीक्लोरिनेटरचे थेंब टाका. बोअरचं पाणी बहुधा जड. गप्पी, मोली त्यात मजेत राहतात; निऑन टेट्राचा हट्ट नको. हिवाळ्यात रात्री गारठा असतो, तेव्हा हीटर मस्ट.

घाई असेल तर मित्राच्या निरोगी, जुन्या टँकमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओलाच. वाट बरीच कमी होते.