तडजोड की शिक्षा?

समाजाची नीती त्याच्या वाक्यरचनेत उतरते, असे आपण वर्गात सांगतो. घोडबंदर रस्त्यावरील किंवा कल्याण-शीळ मार्गावरील अपघाताची बातमी त्या दृष्टीने वाचून पाहावी. ‘वाहनावरील नियंत्रण सुटले’ हे तिचे ठरलेले वाक्य. नियंत्रण सुटते, पण ते सोडणारा कर्ता वाक्यात नसतो. ‘अपघात’ या शब्दाने तर सारा भार दैवावर जातो.

कायद्याने मात्र कर्ता ओळखला आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील १८४व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हाती मोबाइल धरून वाहन चालवणे धोकादायक वाहनचालनात मोडू लागले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हयगयीने मृत्यू घडवल्यास जुन्या दंडसंहितेत कमाल दोन वर्षांची कैद होती. जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेने ती पाच वर्षांवर नेली. तेव्हा कायदा सौम्य आहे, ही तक्रार पुरती खरी नाही.

अडचण अंमलात आहे. ई-चलानापोटी भरायच्या रकमेचे सरकारी नावच ‘तडजोड शुल्क’. ते भरले की प्रकरण मिटते. ज्याच्या खिशाला ही रक्कम जड नाही, त्याला ती टोलसारखीच वाटणार. ती दुप्पट केल्याने तडजोड महाग होईल, तिची शिक्षा होणार नाही.

शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची अटळता गुन्ह्याला आवर घालते, असे इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ सालीच मांडले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली, वाहन चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे राज्यांना सांगितले. मला हीच शिक्षा योग्य वाटते, कारण ती पैशाने चुकवता येत नाही. डोंबिवलीतल्या रिक्षाचालकाची यात रोजी बुडेल आणि मोटारमालक पगारी चालक ठेवेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पहिल्या खेपेस तीन महिने, आणि पुन्हा तेच घडले तर अधिक, अशी चढती रचना असावी. पण ज्याच्या भरवशावर मागे तीन माणसे बसतात, त्याच्याकडून अवधान मागणे हा अन्याय नव्हे.

दंडाचे आकडे वाढवण्याआधी हे निलंबन ठाण्यात आणि कल्याणात नियमाने होऊ द्यावे. आणि तपासात जेथे स्पष्ट झाले असेल तेथे बातमीदाराने, नियंत्रण कोणी आणि कशापायी सोडले, तेही लिहावे.